सागाची जाळी

पावसाळा सरता सरता विदर्भातले साग तपकिरी पडले की दरवर्षी ओरड होते : जंगल करपले, खात्याने काहीतरी फवारावे. ही मागणी वनखात्याने साफ नाकारावी.

त्या दिवसांतले सागाचे पान उन्हाकडे धरून पाहा. हिरवा गर अळीने खरवडून नेलेला, शिरांची जाळी तेवढी शाबूत. पण या अळीने झाडाचे फारसे बिघडत नाही. पाने थोड्याच दिवसांत गळायचीच असतात. नुकसान करते ती दुसरी अळी. नव्या पालवीवर तुटून पडून ती सागाला ओकाबोका करते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या रोपवनांत मोजमाप केले, तेव्हा लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. झाडे मात्र पुन्हा फुटली. म्हणजे तोटा आहे तो लाकडाच्या हिशेबातला.

त्यावरचा उतारा त्याच संस्थेने शोधला आहे. या अळीला निसर्गतःच जडणारा एक विषाणू वाढवून, अळी लहान असतानाच तो पालवीवर मारायचा. पक्ष्यांना, माणसांना तो बाधत नाही. कोवळ्या रोपवनांपुरता तो जरूर वापरावा. रासायनिक औषधाचा आग्रह धरणाऱ्यांनी यवतमाळ आठवावे : २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या विषाचे पंप आता जंगलात न्यायचे?

शिवाय जंगलातले पक्षी आहेतच : पावशा, कोतवाल याच अळ्यांवर ताव मारतात. १८८४ नंतर अभ्यासकांना न दिसलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा गवसलेला वनपिंगळा मेळघाटच्या सागवनात नाकतोडे, सरडे, उंदीर खाऊन जगतो आणि झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. फवारणी टळली तरी कीडनियंत्रणाच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड पडते ती अशाच जुन्या, पोकळ झाडांवर. मध्य प्रदेशात नव्वदीच्या अखेरीस साल भुंगेऱ्याच्या साथीत लाखो झाडे तोडली गेली, हे फार जुने नाही.

अळीला एवढे ताट वाढले कोणी? १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने ऐन, धावडा, मोहाची मिश्र जंगले तोडून मैलोन्‌मैल साग लावला. पुढच्या कार्य आयोजनेत विरळणीनंतरच्या मोकळ्या जागी हीच मिश्र झाडे परत यावीत आणि ढोलीचे झाड न तोडण्याचा लेखी आदेश निघावा. त्यापायी काही घनमीटर लाकूड कमी भरेल. ती तूट महामंडळाने आपल्या ताळेबंदात सोसावी.