पावतीविना हिशेब नाही

येळ्ळूरच्या आमच्या घरी आम्ही ब्रॉडबँडची कंपनी बदलली. जुन्या कंपनीचा माणूस राउटर घेऊन गेला. तरीही तीन महिने बिले येतच राहिली. दोष निम्मा आमचाच. दुकानातून तांदळाचे एक पोतेही पावतीवाचून न सोडणारे आम्ही, राउटर मात्र तोंडी भरवशावर देऊन बसलो! सभासद बंधूंनी जोडणी लेखी अर्जानेच बंद करावी, यंत्राची पोच घ्यावी व तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. तक्रारीस दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. दूरसंचार ग्राहकास ग्राहक आयोगाचे दारही खुले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे. रक्कम लहान म्हणून गप्प बसणे हे औदार्य नव्हे. चुकीच्या हिशेबास दिलेली ती मान्यताच होय.