कर घेता, मग फिर्याद का घेत नाही?

चंदगड तालुक्यातील एका लहान गावातला तरुण. वडिलांची काजूची बाग, थोडी भातशेती. आपल्याकडची बहुसंख्य मुले पोटासाठी गोवा, बेळगाव, पुणे, मुंबई अशा दिशांना पांगतात, तसाच हाही पांगलेला. चार वर्षांच्या पगारातून मागे टाकलेले सुमारे साडेतीन लाख रुपये त्याने आभासी चलनात गुंतवले होते. खरेदी नोंदणीकृत बाजारातून केलेली, पॅन क्रमांक दिलेला, कर कापून घेतलेला. चोरून काहीही नव्हते. एका रात्री त्याच्या मोबाईलवर संदेश आला की, ‘आपले वॉलेट अद्ययावत करा, अन्यथा ते बंद होईल.’ दुव्यावर बोट ठेवताच उघडलेले पान हुबेहूब त्या कंपनीचेच वाटत होते. पानाने बारा शब्दांची गुप्त शब्दावली मागितली, याने ती भरली. काही मिनिटांत वॉलेट रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी तो ज्या शहरात नोकरी करतो, तेथील एका पोलीस ठाण्यात गेला. ठाणे अंमलदाराने विचारलेला पहिला प्रश्न होता, “असल्या जुगारात पैसे घातलेच कशाला?” दुसरा प्रश्न होता, “तुमचे मूळ गाव कोणते?” चंदगड म्हटल्यावर सल्ला मिळाला की, तिकडेच तक्रार द्या. आठवडाभराने त्याने मला फोन केला, तोवर आणखी एक अनर्थ घडला होता. ‘चोरीला गेलेले चलन परत मिळवून देतो’ असे सांगणारा एक ‘तज्ज्ञ’ समाजमाध्यमावर भेटला आणि शुल्क म्हणून चाळीस हजार रुपये घेऊन नाहीसा झाला.

या मुलाची हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांपैकी बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती, ‘लोभ केला, भोगले.’ हे वाक्य आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या तोंडी फार चटकन येते. याच मंडळींच्या घरात चोर शिरला, तर ‘तुम्ही दागिने घरात ठेवलेच कशाला?’ असे विचारणाऱ्या पोलिसाला ते क्षमा करतील काय? आभासी चलनात पैसे गुंतवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत मुळीच नाही. त्या व्यवहारात सट्टा किती व गुंतवणूक किती, याविषयी मला दाट शंका आहे. परंतु गुंतवणुकीतला तोटा निराळा आणि चोरी निराळी. तोट्याला आपली बुद्धी जबाबदार असते, चोरीला चोर. हा साधा विवेक आपण गमावला आहे आणि त्याचा लाभ थेट चोराला होतो आहे, कारण लाजेने गप्प बसलेला फिर्यादी त्याला हवाच असतो.

आता शासनाची भूमिका पाहू. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला. त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का उद्गम करकपात सुरू झाली. एका चलनातला तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याचीही सवलत नाही. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. म्हणजे वसुलीच्या प्रसंगी ही मालमत्ता शासनाला स्पष्ट दिसते. मग तीच मालमत्ता चोरीला गेली की ती एकाएकी ‘जुगार’ कशी ठरते? मद्रास उच्च न्यायालयाने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये निःसंदिग्धपणे म्हटले की, क्रिप्टो हे चलन नसले तरी ती मालमत्ता आहे. न्यायालयाला जे उमगले, ते ठाणे अंमलदारापर्यंत पोहोचवणे कोणाचे काम आहे?

कायदाही अपुरा आहे, असे म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, घ्यावीच लागते. ‘तुमच्या गावी जा’ हे उत्तर बेकायदा आहे. ती खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. कलम १०७ नुसार गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून पीडितांना वाटून देण्याची तरतूद आहे.

अडते ते अन्यत्र. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. डोंगराळ तालुक्यातल्या ठाण्यात असे अधिकारी किती असतात आणि बंदोबस्त, निवडणुका, यात्राजत्रा यांतून त्यांना किती वेळ उरतो? जिल्ह्याचे सायबर ठाणे कोल्हापुरात आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर. बेळगाव त्याहून कितीतरी जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात! आणि चोरलेले चलन तर काही मिनिटांत दहा वॉलेटे फिरून येते.

येथेच खरी मेख आहे. आभासी चलनाची चोरी मागमूस न ठेवता होते, हा समज चुकीचा आहे. ब्लॉकचेन ही उघडी खातेवही आहे. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती चलन गेले, हे जगातला कोणीही पाहू शकतो. दिसत नाही तो केवळ पत्त्यामागचा माणूस. चोराला शेवटी रोकड हवी असते, त्यासाठी तो एखाद्या बाजाराकडे वळतो आणि त्या बाजाराकडे खातेदाराची ओळख असते. तेथे वेळेत पोलिसांची सूचना पोहोचली तर रक्कम गोठवता येते. डॉलरशी बांधलेल्या काही चलनांचे चालक तर विशिष्ट पत्ताच गोठवू शकतात. हे सारे तासांचे काम आहे, आणि आपल्याकडे पहिला आठवडा फिर्याद कोणी घ्यायची या वादात जातो. राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १९३० हा चांगला उपक्रम, परंतु त्याची रचना मुख्यतः बँक खात्यातून गेलेला पैसा अडवण्यासाठी झालेली आहे. वॉलेटमधून वॉलेटमध्ये झालेल्या चोरीसाठी तशीच तातडीची साखळी उभी राहिली पाहिजे.

तज्ज्ञांवर विसंबावे, तर पुण्याचा अनुभव समोर आहे. दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक झाली. तपासात साहाय्य करण्यासाठी पुणे पोलिसांनी एक माजी आयपीएस अधिकारी आणि एक सायबर तज्ज्ञ यांना पाचारण केले. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना पुणे पोलिसांनी अटक केली. जप्तीच्या कामातील चलनच त्यांनी वळवले आणि वॉलेटमधील शिल्लक कमी दाखवली, असा पोलिसांचा आरोप. तो सिद्ध होणे न्यायालयाच्या अधीन आहे. परंतु जप्त मालाच्या चाव्या बाहेरच्या व्यक्तीच्या हाती, कोणत्याही दुसऱ्या कुलपाविना, कशा काय राहिल्या, या प्रश्नाला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्याच्या ठाण्यातील मुद्देमाल कारकूनसुद्धा जप्त सोन्याची पावती दोन पंचांच्या सहीने करतो! भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील ही प्रकरणे सीबीआयकडे सोपवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. म्हणजे अटकेनंतर सात वर्षांनी.

आणि हा केवळ वैयक्तिक नुकसानीचा प्रश्न आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. अशा चोऱ्यांतून तेथील शस्त्रनिर्मितीला पैसा मिळतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे अहवाल सांगतात. भारतीय मध्यमवर्गाच्या बचतीतून परक्या हुकूमशहाची क्षेपणास्त्रे! आणि दाद मागायची कोठे? त्या कंपनीच्या ग्राहकांची देणी कशी भागवायची, याचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात झाला.

शासनाकडे मागणी स्पष्ट असावी. कलम ७८ मधील निरीक्षकाची अट शिथिल करून प्रशिक्षित उपनिरीक्षकांना तपासाचा अधिकार द्या. जप्त चलन एकापेक्षा अधिक अधिकाऱ्यांच्या चाव्यांनीच उघडेल, अशी व्यवस्था करा. करातून आलेल्या रकमेचा काही अंश पीडितांच्या साहाय्यासाठी ठेवा.

पण शासनाची वाट पाहत बसणे हा कार्यकर्त्याचा स्वभाव नव्हे. पूर आला की आपण होडी घेऊन निघतो, कोणाचे घर कोणत्या चुकीमुळे नदीकाठी बांधले गेले, याची चौकशी करीत नाही. तोच न्याय येथे लावा. प्रत्येक गावात एक तरी असा माणूस हवा की, जो फसलेल्या व्यक्तीकडून त्याच दिवशी व्यवहाराचा क्रमांक, चोराच्या वॉलेटचा पत्ता, आलेला संदेश व दुवा लिहून घेईल, १९३० वर फोन लावून देईल, केंद्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवील आणि फिर्यादीबरोबर ठाण्यात जाऊन बसेल. एकट्याला हाकलणे सोपे असते. आणि गुप्त शब्दावली कोणी मागितली, तर तो चोरच असतो, हे ताई-वहिनींपासून आजोबांपर्यंत सर्वांना सांगून ठेवील. ‘शुल्क भरा, पैसे परत आणतो’ म्हणणाराही चोरच.

त्या मुलाला घेऊन आम्ही तिघे पुन्हा त्याच ठाण्यात गेलो. कलम १७३ ची छापील प्रत सोबत होती. दोन तास बसवून ठेवल्यावर फिर्याद नोंदवली गेली. चलन मात्र तोवर कोठल्या कोठे गेले होते. नोंदीची प्रत त्याने पाकिटात घडी करून ठेवली आहे, वडिलांना त्याने अद्याप काहीच सांगितलेले नाही.