न्यूयॉर्कचा विदूषक

बातम्या ऐकल्या की रक्त आटते, हा आमचा आजवरचा अनुभव. पण बातम्या सांगून पोट धरून हसवणारा एक पठ्ठ्या आम्हांला सापडला आहे आणि आम्ही त्याचे भक्त झालो आहोत. (आपल्या पानावर हा शब्द चालायचा नाही, तेव्हा चाहते म्हणा.)

जॉन ऑलिव्हर त्याचे नाव. जन्माने इंग्रज, पोटासाठी अमेरिकेत आलेला. एचबीओ वाहिनीवर त्याचा 'लास्ट वीक टुनाईट' हा कार्यक्रम एप्रिल 2014 मध्ये सुरू झाला. तिकडे रविवारी रात्रीचे अकरा, म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. डबा भरायची आणि लोकल गाठायची वेळ. म्हणून आम्ही तो सवडीने यूट्यूबवर पाहतो. बाबासाहेब 1913 साली शिकायला गेले त्या न्यूयॉर्कमधून हा बोलतो, त्यामुळे आमचा जीव जरा जास्तच गुंततो.

बोलतो मात्र असा भरभर, की निम्मे डोक्यावरून जाते. मुलगी थांबवून थांबवून अर्थ सांगते. आणि शिव्या! घरात वडीलधारे असले की आवाज बारीक करावा लागतो.

ऑगस्ट 2015 चा त्याचा एक भाग आम्ही चारदा पाहिला. अमेरिकेत टीव्हीवर प्रवचने झोडणारे काही धर्मोपदेशक सांगतात की, आम्हांला पैसे पाठवा, हे बीज आहे, देव याचे पीक देईल. कॅन्सर झालेली एक बाई उपचाराऐवजी अशाच भरवशावर राहिली, पैसे पाठवत राहिली आणि गेली. तिथे आमचे हसू थांबले.

ऑलिव्हरने काय केले? रॉबर्ट टिल्टन नावाच्या उपदेशकाला वीस डॉलर पाठवले आणि वाट पाहिली. पत्र आले, आणखी पाठवा. पुढच्या एका पत्रात एक डॉलरची नोट. ती भर घालून परत पाठवायची! मग तेलाच्या पुड्या आल्या. मग कागदावर काढलेले पाऊल. सात महिन्यांत सव्वीस पत्रे! सख्खा भाऊ गावाहून इतकी पत्रे पाठवत नाही.

शेवटी पठ्ठ्याने स्वतःचेच चर्च काढले. नाव ठेवले, मराठीत सांगायचे तर, 'अखंड करमाफीची माउली'. सगळे कायदेशीर, हीच तर गंमत. धर्माच्या नावाने पाटी लावली की कर माफ होणे किती सोपे आहे, ते त्याने करूनच दाखवले. लोकांनी पैसे पाठवले, काही वात्रटांनी खरोखरीचे बियाणे पाठवले. सप्टेंबरमध्ये त्याने चर्चला टाळे लावले आणि जमलेली रक्कम 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला देऊन टाकली.

तरुण मंडळींना हे सारे नवे वाटते. वाटू द्या. जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. त्यात जोशीबुवा गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून कुणब्याचे घर लुटतो आणि मधेमधे विदूषक येऊन त्याचे बिंग फोडतो. पुढे सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. ढोलकीवर हसवत हसवत आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यातले भूत त्यांनीच उतरवले. ऑलिव्हर त्या विदूषकाचा कोट-टाय घातलेला चुलतभाऊ. फक्त ढोलकी नाही, टेबल आहे.

देव्हारा गेला तरी बुवा जात नाही, हे वस्तीत राहणाऱ्याला आम्ही काय सांगावे! बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि तिच्याखाली बसून मोबाईलवरच्या बाबाला एकशेएक रुपये धाडणारेही आम्ही पाहिले आहेत. अशा घरी ती सव्वीस पत्रांची हकीकत जरूर सांगावी. प्रवचनापेक्षा लवकर लागू पडते.

जून 2016 मध्ये तर त्याने कहर केला. पन्नास डॉलरमध्ये वसुलीची कंपनी नोंदवली, सुमारे नऊ हजार लोकांची दवाखान्याची थकलेली दीड कोटी डॉलरची देणी साठ हजारांहून कमी डॉलरला विकत घेतली आणि सगळी माफ करण्यासाठी एका संस्थेच्या हवाली केली. शंभराचे कर्ज चाळीस पैशांना! वसुलीवाले धमकावतात ते कागद इतक्या स्वस्तात विकले जातात. हे ऐकल्यापासून आमच्या सौभाग्यवती विचारताहेत, पतपेढीतला आपला कागद चाळीस पैशांत मिळेल का? चौकशी चालू आहे.