चिठ्ठी लागली शाळेची!

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र कसलं, तक्रारच म्हणा ना! ती लिहिते, "बाई, माझा मामेभाऊ अमेरिकेत राहतो. फोनवर म्हणाला, मला शाळेची लॉटरी लागली. मी म्हटलं, लॉटरीत तर पैसे लागतात! तर तो हसायलाच लागला. चार्टर स्कूल म्हणे. आता शाळा कधी 'लागते' का? आणि तो शनिवारी कुणाचं तरी घर रंगवायला जातो. त्याला अभ्यास नसतो का?"

एका पत्रात दोन प्रश्न आणि एक फणकारा! पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं देताना मात्र मला माझीच एक चूक तुम्हाला सांगावी लागणार आहे. आधी सोपं घेऊ या.

चार्टर म्हणजे सनद. इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय ना? राजा सनद द्यायचा : अमुक गावचं वतन तुझं, पण त्याबदल्यात अमुक चाकरी तू करायचीस. चाकरीत कसूर झाली की वतन गेलं. चार्टर शाळेचंही काहीसं तसंच. काही शिक्षक, पालक किंवा एखादी संस्था पुढे येते आणि म्हणते, "आम्हाला आमच्या पद्धतीने शाळा चालवू द्या. मुलं इतकं इतकं शिकतील, हे आम्ही लिहून देतो." मग त्यांना ठरावीक वर्षांसाठी सनद मिळते. खर्चाला पैसा सरकारचा, मुलांना फी नाही. पण लिहून दिलेलं पाळलं नाही, तर सनद रद्द आणि शाळा बंद!

अशा शाळेत जागा शंभर आणि अर्ज तीनशे आले, तर काय करायचं? हुशार मुलं निवडून घ्यायची नाहीत. श्रीमंत बघून घ्यायची नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या! ज्याची निघेल त्याला प्रवेश. कळलं ना मामेभावाला काय 'लागलं' ते?

अमेरिकेत असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला. दुसऱ्याच वर्षी, १९९२ मध्ये, तिथल्या सेंट पॉल शहरात सिटी अॅकॅडमी ही पहिली चार्टर शाळा उघडली. पहिल्या शाळेत पहिल्या नंबरची मुलं असतील, असं वाटलं ना? मुळीच नाही! ती काढली होती शाळा मध्येच सोडून दिलेल्या मुलांसाठी. आज त्या देशात अशा सात हजारांहून जास्त शाळा आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा मोठ्या शहरांत आहेत.

पण थांबा. सगळं गोडगोड आहे असं समजू नका हं. काही चार्टर शाळा उत्तम चालतात, काही अगदीच सुमार. काही तर मध्येच बंद पडतात आणि मुलांना दुसरी शाळा शोधत फिरावं लागतं. मूल चार्टर शाळेत गेलं की त्याच्या वाटचा पैसाही बहुतेक ठिकाणी तिकडे जातो. मग शेजारच्या नेहमीच्या सरकारी शाळेने काय करायचं, असं विचारणारे लोकही तिथे खूप आहेत. आणि ज्याची चिठ्ठी निघतच नाही, त्या मुलाचं काय? हा प्रश्न मलाही टोचतो.

आता मामेभावाचा शनिवार. बऱ्याच शहरी चार्टर शाळांना स्वतःची मोठी इमारत नसते, मैदान नसतं. मिळेल तिथे बस्तान बसवायचं! त्यामुळे शाळा आणि वस्ती यांच्यात भिंतच राहत नाही. बोस्टन शहरात डॉर्चेस्टर नावाचा भाग आहे. तिथे २००१ साली कॉडमन अॅकॅडमी ही शाळा सुरू झाली. कुठे, सांगा पाहू? चक्क वस्तीतल्या आरोग्य केंद्रात! कल्पना करा, एका दारातून कुणाची तरी आजी खोकत औषधाला येतेय आणि दुसऱ्या दारातून तुम्ही दप्तर घेऊन निघालाय. वस्तीची दुखणी काय असतात, ते वेगळं शिकवायला हवं का?

फिलाडेल्फियातली गोष्ट तर याहून मजेची आहे. पण तिथे जायच्या आधी आपल्याला न्यू यॉर्कला आणि थोडं मागे, १९७८ सालात जावं लागेल. तिथला ईस्ट हार्लेम हा तेव्हा अगदी गरीब भाग. इमारती ओस पडलेल्या, खिडक्या फुटलेल्या. डोरोथी स्टोनमन नावाच्या बाईंनी तिथल्या पोरांना एक प्रश्न विचारला. या बाई हार्लेममध्येच शिक्षिका होत्या. प्रश्न एवढाच : "मोठ्या माणसांनी तुम्हाला मदत केली, तर तुमच्या वस्तीत तुम्ही काय बदलाल?"

पोरं म्हणाली, "ही पडकी घरं नीट करू. ज्यांना घर नाही, ते राहतील."

आणि त्यांनी खरोखरच हातात हातोडे घेतले! त्यातून पुढे 'यूथबिल्ड' हे काम उभं राहिलं. फिलाडेल्फियात १९९२ पासून या पद्धतीची शाळा आहे. यूथबिल्ड फिलाडेल्फिया चार्टर स्कूल असं तिचं नाव. शाळा अर्धवट सुटलेली सतरा-अठरा वर्षांची, त्याहून थोडी मोठी मुलंमुली तिथे येतात. वर्गात बसून राहिलेलं शिक्षण पुरं करतात आणि बांधकामावर जाऊन पडीक घरं दुरुस्त करतात. त्या घरांत मग कमी मिळकतीची कुटुंबं राहायला येतात. त्रिकोण, कोन, क्षेत्रफळ हे सगळं मुलं भिंतीवर शिकतात. माप चुकलं तर लाल शेरा मिळत नाही, दारच बसत नाही चौकटीत!

आता माझी चूक सांगते.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, एक नियम आहे. शालेय शिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर समाजसेवेचे १०० तास भरावे लागतात. शेजारच्या मेरीलँड राज्यात ७५ तास. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, वा! आपणही असंच काहीतरी करू या. मी चौथीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या गल्लीत स्वच्छता मोहीम काढली. पाहुणे आले, हार झाले, नवेकोरे झाडू आले. मुलांनी दोन तास गल्ली झाडली. फोटो निघाले. मी वहीत लिहिलं, 'समाजसेवा : २ तास.'

दुसऱ्या दिवशी गल्ली होती तशीच! दारातून प्रार्थनेला येता येता एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण गल्लीतल्या कुणाला विचारलंच नाही, त्यांना काय पाहिजे ते."

खरं सांगू? मला राग आला. चौथीतली पोर मला शिकवते! पण दिवसभर तिचं वाक्य काही डोक्यातून जाईना. स्टोनमनबाईंनी आधी प्रश्न विचारला होता. मी आधी झाडू आणले होते. चूक तिथेच झाली होती.

मग मी वर्गात तोच प्रश्न फळ्यावर लिहिला : मोठ्यांनी मदत केली तर तुम्ही काय बदलाल? उत्तरं आली, 'मैदान', 'पोहायचा तलाव', 'गणिताचा तास बंद'! हसून झालं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वर्षभर फारसा बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, "मागच्या गल्लीतले दिवे. माझी आजी अंधारात पडली. आता ती संध्याकाळी देवळात जात नाही."

वर्ग एकदम गप्प.

मग आम्ही गल्लीत गेलो. या वेळी झाडू नाही, वही-पेन्सिल घेऊन. मुलांनी घरोघरी विचारलं. सात घरांतल्या बायकांनी दिव्यांचंच सांगितलं. गल्लीतले खांब मोजले. एकूण आठ, त्यातले तीन बंद. मुलांनी नकाशा काढला, अंतर पावलांनी मोजलं. झालं ना भूगोल आणि गणित?

एक वडील मात्र शाळेत येऊन माझ्यावर रागावले. "बाई, तुम्ही पोरांना शिकवा. खांब मोजायला आम्ही शाळेत घातलं नाही त्यांना." मी म्हटलं, "अहो, तुमचंही खरं आहे. पण अर्ज द्यायला जायचंय, तुम्ही येता का बरोबर?" ते वायरमन होते. मुलांचा अर्ज त्यांनी वाचला आणि म्हणाले, "असं नाही चालत. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहा. नाहीतर साहेब म्हणतील, कुठला खांब? आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही!"

हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं!

पहिल्या अर्जाचं काहीच झालं नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, 'पाहणी करू.' तिसऱ्या वेळी पाच मुलं, ते वडील आणि मी असे गेलो. आवक क्रमांक दाखवला. पावसाळा संपता संपता दोन दिवे लागले. तिसरा अजून बंद आहे. चौथीची मुलं पाचवीत गेली, पण जाताना पोचेच्या तिन्ही प्रती नव्या चौथीच्या हाती देऊन गेली. "तिसरा खांब तुमच्याकडे!" असं बजावूनही गेली.

आणि आजी? ती देवळात जायला लागली. एकटी नाही, नातवाचा हात धरून. भीती दिव्याबरोबर लगेच जात नाही, बरं का.

या वेळी मी वहीत तास लिहिले नाहीत. किती झाले ते मोजायचं राहूनच गेलं.

तेव्हा, माझ्या पत्रलेखक मैत्रिणी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं : त्याला अभ्यास असतो ग! घर रंगवणं हाही त्यातलाच एक धडा. फक्त त्याला एक गोष्ट विचार, "ते घर रंगवायचं कुणी ठरवलं? घरातल्या माणसांना विचारलं होतं का?" तो काय म्हणाला, ते मला जरूर कळव. आणि हो, आपल्याला चिठ्ठी लागायची वाट बघायला नको. आपली शाळा आणि आपली गल्ली आपल्याला आधीच लागलेली आहे!

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम : शाळेच्या किंवा घराच्या जवळच्या पाच माणसांना विचारा, "इथे एक गोष्ट बदलायची तर कुठली?" त्यात एक आजी किंवा आजोबा हवेत, एक दुकानदार हवा आणि एक तुमच्याहून लहान मूल हवं. उत्तरं जशीच्या तशी लिहा. स्वतःचं मत मध्ये घालू नका. एकच गोष्ट दोघांनी सांगितली तर तिच्याभोवती गोल करा. वही घेऊन एकट्याने अनोळखी घरी जायचं नाही, घरातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर हवं.

पालकांसाठी दोन शब्द : मिनेसोटातल्या चार्टर शाळेच्या संचालक मंडळावर शिक्षक, पालक आणि समाजातली एखादी व्यक्ती असावी, असं तिथला कायदा सांगतो. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान पाऊण सभासद पालक असायला हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. तुमच्या मुलाच्या शाळेच्या समितीवर कोण पालक आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर मुलांबरोबर तुम्हीही एक प्रश्न विचारून या. आणि मुलांच्या अर्जात एखादी उणीव दिसली, तर आमच्या त्या वायरमन वडिलांसारखे जरूर रागवा. पण रागावून झालं की बरोबर चला!

तुमची,
बाई