गॅरेजची दारं उघडा

गेल्या ७ डिसेंबरला अबुधाबीत लँडो नॉरिसच्या विश्वविजेतेपदावर शिक्कामोर्तब झालं आणि फॉर्म्युला वनचा हंगाम संपला. आता ८ मार्चला मेलबर्नमध्ये पाच लाल दिवे विझतील तेव्हाच पुढचं. मधले बारा रविवार कोरडे. त्यातून यंदाची वाट पाहणं नेहमीपेक्षा जड जातंय, कारण नियम मुळापासून बदललेत. जवळजवळ निम्मी ताकद विजेची, पंख हलते, इंधन पूर्णपणे शाश्वत, शिवाय आउडी आणि कॅडिलॅक हे दोन नवे भिडू. बार्सिलोना आणि बहरीनमधल्या सरावाचे आकडे येतात, पण त्यावरून भाकितं करण्यात अर्थ नसतो, हे या सदराचे जुने वाचक जाणतात.

या दिवसांत युरोपातले दर्दी काय करतात, त्याबद्दल आज लिहायचं आहे. ते जुन्या शर्यतीच्या गाड्या बाहेर काढतात. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सला मंडळी जमतात. खास मोटारशर्यतींसाठी बांधलेला जगातला हा पहिला ट्रॅक, १९०७ सालचा. त्याच्या कलत्या काँक्रीट वळणांचे तुकडे अजून शाबूत आहेत. कडाक्याच्या थंडीत, उघड्या गाड्यांत बसून, मफलर गुंडाळून लोक तिथे येतात. मग हिवाळा सरायच्या आत पॅरिसचं रेट्रोमोबिल आणि फेब्रुवारीअखेर इंग्लंडमध्येच स्टोनलीचं रेस रेट्रो. या ठिकाणी गाडीचा मालक बहुधा गाडीशेजारीच उभा असतो. कुणी विचारलं की सांगतो, आणि मन झालं तर एखाद्या पोराला उचलून सीटवरही बसवतो.

शर्यतीची गाडी चालली पाहिजे आणि ती चारचौघांत चालली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. काचेआड ठेवलेली गाडी डोळ्यांना दिसते, पण ती काय चीज होती ते कळत नाही.

फोर्ड-कॉसवर्थच्या डीएफव्ही इंजिनाची एखादी गाडी सकाळी सुरू होताना बघा. मागचं आवरण काढलेलं असतं. आठ सिलिंडरांच्या हवा घेणाऱ्या आठ नळ्या उघड्या तोंडाने वर बघत असतात. मेकॅनिक आधी इग्निशन बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवतो, कारण तेलाचा दाब चढल्याशिवाय या इंजिनाला आग दाखवायची नाही. काटा हलला की इंधनाचा पंप सुरू होतो, त्याची बारीक कुरकुर ऐकू येते. मग इग्निशन. एकदोन आचके, न जळलेल्या पेट्रोलचा डोळ्यांत झोंबणारा वास, आणि पुढच्या क्षणी असा आवाज की जवळ उभ्या माणसाच्या छातीच्या फासळ्या थरथरतात. हे इंजिन मंद गतीवर निवांत चालणाऱ्यातलं नाही. पाणी तापेपर्यंत मेकॅनिक हाताने थ्रॉटल देत राहतो, कमी-जास्त, कमी-जास्त. बघणारे कानांत बोटं घालतात, पण जागचं कुणी हलत नाही.

आज इतक्या जुन्या फॉर्म्युला वन गाड्या चालत्या आहेत, त्याचं मोठं श्रेय याच इंजिनाला जातं. लोटसच्या कॉलिन चॅपमनने फोर्डला गळ घातली, फोर्डने एक लाख पौंड दिले आणि कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने तीन लिटरचं हे व्ही-एट घडवलं. ४ जून १९६७ रोजी हॉलंडच्या झँडवूर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कने लोटस ४९ मध्ये ती शर्यत जिंकली. पहिल्याच प्रयत्नात! गाडीची रचनाही अशी की ड्रायव्हरच्या पाठीमागे सांगाडाच नाही. इंजिन हाच सांगाडा, त्यालाच गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन टांगलेलं. पण खरी क्रांती पुढच्या वर्षी झाली. फोर्डने हे इंजिन इतर संघांनाही विकायला काढलं. मग छोट्या शेडमधले, हातावर पोट असलेले संघसुद्धा ग्रां प्री जिंकू लागले. १९८३ पर्यंत या घराण्याने १५५ ग्रां प्री जिंकल्या. इंजिनं शेकड्यांनी बनली, लोकांच्या मालकीची झाली, आणि म्हणूनच त्यांचे सुटे भाग आजही बनतात, ती उघडून पुन्हा जोडणारे कारागीर आजही आहेत. विकत मिळालेलं यंत्र टिकलं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

आता सेबास्टियन व्हेटेल. चार वेळा विश्वविजेता झालेल्या या जर्मन ड्रायव्हरने निवृत्तीच्या आधीच जुन्या गाड्या जमवायला सुरुवात केली होती. नायजेल मॅन्सेलने १९९२ साली ज्या विल्यम्स एफडब्ल्यू१४बी गाड्यांनी सोळापैकी नऊ शर्यती जिंकल्या, त्यातली एक त्याच्याकडे आहे. जुलै २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीच्या दिवशी त्याने ती बाहेर काढली. नाकावर तोच लाल पाच आकडा, आणि टाकीत शाश्वत इंधन. त्या काळची इंजिनं थंड असताना फिरवायचीसुद्धा सोय नसते. आतल्या भागांमधली फट इतकी बारीक की पाणी आणि तेल बाहेरून तापवून आत खेळवावं लागतं, मगच ती सुटतात. एवढी यातायात त्याने कशासाठी केली? गाडी कपाटात ठेवूनही किंमत वाढतच होती. त्याला हा आवाज पुढच्या पिढीला ऐकवायचा होता आणि तो पेट्रोलियमशिवायही निघू शकतो हे दाखवायचं होतं. यंदा सगळाच ताफा शाश्वत इंधनावर धावणार आहे, चार वर्षांपूर्वी त्याची चुणूक एका तीस वर्षांच्या गाडीने दाखवली.

दोन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, व्हेटेल इमोलाला आपली मॅक्लारेन एमपी४/८ घेऊन आला. आयर्टन सेन्नाची १९९३ ची गाडी. डॉनिंग्टनला भर पावसात पहिल्याच फेरीत पाचव्या जागेवरून पहिल्या जागी येण्याचा चमत्कार सेन्नाने याच मॉडेलमध्ये केला होता. १ मे १९९४ रोजी इमोलाला सेन्ना गेला. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिन होता, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मराठी चाहत्यांना ती बातमी अजून बोचते. व्हेटेलने सेन्नाच्या ब्राझीलबरोबर ऑस्ट्रियाचाही झेंडा फडकावला, कारण आदल्याच दिवशी रोलांड रात्झेनबर्गर त्याच ट्रॅकवर गेला होता आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात. हे सगळं त्या गाडीमुळे शक्य झालं. पुतळ्याला हार घालून एवढं साधलं नसतं.

पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याचं नावही आदराने घेतलं पाहिजे. फेरारी २५० जीटीओ त्याने १९७७ साली घेतली. आज तिची किंमत डोळे फिरवणारी आहे, तरी तो ती शर्यतीत उतरवत आला आणि घरच्यांच्या, मित्रांच्या हातीही देत आला. आपल्या गाड्यांवर त्याने पुस्तक केलं, तेव्हा सोबत इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केलेली सीडीही दिली. ज्यांना ट्रॅकवर जाणं जमणार नाही त्यांचाही विचार त्याने केला.

याच्या उलट गोष्टही सांगायला हवी. १ फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीत श्टुटगार्टला मर्सिडीजची डब्ल्यू १९६ आर लिलावात ५ कोटी ११ लाख युरोंच्या पुढे गेली. आपले साडेचारशे कोटी रुपये तरी झाले. फँजिओने ही गाडी १९५५ साली ब्वेनोस आयरेसला जिंकली होती आणि त्याच वर्षी मोंझाला, चाकं झाकणारा चंदेरी साज चढवून, स्टर्लिंग मॉसने पळवली होती. मर्सिडीजने ती १९६५ मध्ये इंडियानापोलिसच्या संग्रहालयाला भेट दिली. साठ वर्षं ती त्या संग्रहालयाकडे होती. चारच दिवसांनी पॅरिसला त्याच संग्रहालयाची, १९६५ ची ल मां शर्यत जिंकलेली फेरारी २५० एलएम साडेतीन कोटी युरोंच्या आसपास गेली. संग्रहालयाला आपल्या अमेरिकन वारशावर लक्ष द्यायचं होतं, त्यासाठी पैसा हवा होता, हे मी समजू शकतो. पण लोकांसाठी दिलेली वस्तू लोकांच्या नजरेआड जाण्याची वाट मोकळी झाली, हे मला सलतं. इंग्लंडमध्ये टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने डॉनिंग्टनला १९७३ साली ग्रां प्री गाड्यांचं संग्रहालय उघडलं होतं, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तेही २०१८ च्या नोव्हेंबरात बंद झालं. मोठी रक्कम मोजणाऱ्याने निदान वर्षातून एकदा गाडी चारचौघांत आणावी, असं बंधन विकणाऱ्या संस्थांनी करारातच घालायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. गाडी चालवली की मोडते. मे २०२२ मध्ये मोनॅकोला शार्ल लक्लेर निकी लाउडाच्या काळातली, १९७४ ची फेरारी ३१२ बी३ लोकांना दाखवण्यासाठी फिरवत होता. रास्कासच्या वळणावर ब्रेकने दगा दिला आणि गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली. आदल्या वर्षी तशाच फेरारीत ज्याँ अलेसी विजयासाठी झुंजत असताना मागून धक्का बसून कठड्यावर गेला. दोघंही धड बाहेर आले. पण जुन्या गाड्यांच्या शर्यतींत माणसं गेलीही आहेत आणि ते विसरून चालणार नाही. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. जिचे भाग मिळतात, जिच्या जोडीच्या गाड्या अजून आहेत, तिने खुशाल शर्यत खेळावी. जगात एकच उरलेली गाडी असेल तर तिने मोकळ्या ट्रॅकवर चार फेऱ्या माराव्यात, तेवढं पुरे. चाकं, सस्पेन्शनचे दांडे, स्टिअरिंगचे जोड यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडल्यात का ते तपासून घेणं आणि इंधनाची पिशवी मुदतीत बदलणं, यात काटकसर करणाऱ्याने गाडी बाहेरच काढू नये. वाकलेला पत्रा सरळ होतो. फेरारीचा पंख दुरुस्त होतो. गाडी पळवायची कशी हे ज्या हातांना ठाऊक आहे, ते हात गेले की मात्र इलाज नाही.

मला खरी काळजी आजच्या गाड्यांची वाटते. १२ मार्च २०२३ रोजी वांद्र्याच्या बँडस्टँडला डेव्हिड कुल्थार्डने रेड बुलची गाडी पळवली, तेव्हा हजारो मुंबईकर रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. ती गाडी होती आरबी७. म्हणजे २०११ चं मॉडेल, ज्यात व्हेटेलने ग्रेटर नोएडाला पहिली भारतीय ग्रां प्री जिंकली. संघाकडे ताज्या, जगज्जेत्या गाड्या असताना बारा वर्षं जुनी का आणली? कारण २०१४ पासूनच्या हायब्रिड गाड्या अशा कार्यक्रमाला सोसवत नाहीत. शेकडो व्होल्टची बॅटरी, इंजिन सुरू करायलाच इंजिनिअरांची फौज आणि बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर. बहुतेक इंजिनं कंपन्यांच्याच ताब्यात राहतात, संघ ती भाड्याने घेतात. डीएफव्ही लोकांना विकली गेली म्हणून जगली. लुईस हॅमिल्टनने विजेतेपदं मिळवलेल्या हायब्रिड मर्सिडीजचा आवाज २०६० साली कुणाला ऐकायला मिळेल? मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक संघाला प्रत्येक नियमपर्वातली एक गाडी चालत्या अवस्थेत, सॉफ्टवेअर आणि कागदपत्रांसह, राखून ठेवायला लावलं पाहिजे. २०२६ चं पर्व सुरू होत असताना ही अट घालणं सोपं आहे. दहा वर्षांनी फार उशीर झालेला असेल.

आणि आपलं काय? राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आपण जपल्या, त्यांच्या मिरवणुका निघतात, ठीकच आहे. पण भारताची स्वतःची शर्यतीची गाडीही होती. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन पाठीशी बसवून एकआसनी फॉर्म्युला गाडी उभी केली. फॉर्म्युला मारुती म्हणून ती ओळखली गेली. मद्रासजवळच्या शोलावरमची जुनी धावपट्टी मागे पडून श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक आला, त्या दिवसांत या गाड्या तिथे पळत. नारायण कार्तिकेयनच्या सुरुवातीच्या काही शर्यती याच वर्गातल्या. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, कोइम्बतूरच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे. आपल्या शर्यतींच्या इतिहासात डीएफव्हीच्या तोडीचं काही असेल तर ते हेच: स्वस्त, विकत मिळणारं, पोरांना ड्रायव्हर बनवणारं यंत्र. त्याचं इंजिन तर गल्लीतला मेकॅनिकही आजच्या आज सुरू करून देईल.

पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात शर्यतींचं वेड असलेली घरं आहेत. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथून पोरं परदेशात जाऊन शर्यती खेळली. तुमच्या किंवा तुमच्या नातेवाइकांच्या शेडमध्ये अशी एखादी एकआसनी गाडी, जुना रेसिंग कार्ट किंवा रॅलीची जिप्सी ताडपत्रीखाली पडलेली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. चेसिस नंबर टिपून ठेवा. लॉगबुक, निकालांचे कागद, फोटो एका फाइलमध्ये लावा. ती गाडी ज्याने सांभाळली त्या मेकॅनिकला भेटा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. मग ती सुरू करा, शेजारच्या पोरांना बोलवा. दिवस ठरला की या सदराच्या पत्त्यावर कळवा, तारीख आणि ठिकाण मी इथे छापेन.