वेलीचं नाव वेलीवर तपासा

द्राक्षाची रोपं घेताना आपण बिलावरचं नाव वाचतो आणि पुढची पंधरा वर्षं त्या नावाच्या भरवशावर बाग चालवतो. वेल खरोखर त्याच जातीची आहे का, हे फारसं कुणी बघत नाही. निफाड तालुक्यात वाइनची द्राक्षं पिकवणारा शेतकरी म्हणून मला हे खटकतं. चिलीतल्या कार्मेनेर द्राक्षाची हकिगत म्हणूनच आपल्याकडे माहीत व्हायला हवी.

कार्मेनेर ही फ्रान्सच्या बोर्दो भागातली जुनी काळी जात. १८६० नंतर तिकडे मुळांवर जगणारी फिलोक्सेरा ही कीड पसरली आणि बागाच्या बागा बसल्या. पुढे अमेरिकन खुंटांवर कलमं करून नव्या बागा उभ्या राहिल्या, पण कार्मेनेरकडे कुणी फारसं वळलं नाही. थंड, ओलसर हवेत तिची फुलगळ होते, घड विरळ राहतात. जात संपली असंच सगळे धरून चालले. मात्र कीड पसरण्याआधीच बोर्दोच्या काड्या चिलीत पोचल्या होत्या. तिथे ही वेल स्वतःच्या मुळांवर वाढत राहिली, पण मर्लो या दुसऱ्या जातीच्या नावाने, मर्लोच्याच ओळींत.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ चिलीच्या माइपो खोऱ्यातल्या कार्मेन वायनरीच्या बागेत फिरत होते. तिकडे तेव्हा वसंत असतो, वेली फुलोऱ्यात असतात. द्राक्षाच्या फुलाची हिरवी टोपी गळाली की आतले पुंकेसर दिसतात. या वेलींचे पुंकेसर पिळवटलेले होते. ही मर्लो नाही, कार्मेनेर आहे, असं त्यांनी त्यावरून ओळखलं. १९९८ मध्ये चिली सरकारने ती स्वतंत्र जात म्हणून मान्य केली.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. कार्मेनेर मर्लोच्या तीन-चार आठवडे मागून पिकते. दोन्ही एकत्र तोडल्या जात, तेव्हा एकीचा घड तयार आणि दुसरीचा कच्चा. कच्च्या कार्मेनेरमध्ये पायराझिन हा घटक जास्त असतो, त्याने वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. चिलीच्या मर्लोची तीच ओळख होऊन बसली होती. ओळी वेगळ्या केल्या, घडांवर ऊन पडू दिलं, तोडणी उशिरा घेतली, तशी त्याच वेलींची वाइन गडद, मऊ, काळ्या फळांच्या चवीची झाली. तिला मिरीचा हलका झणका असतो. आज ती चिलीची ओळख मानली जाते.

आता आपल्याकडे पाहा. माझ्या शिराझच्या प्लॉटमध्ये एक ओळ अशी आहे, की बाकीच्या घडांत पाणी उतरून रंग भरला तरी तिचे मणी हिरवे आणि टणक राहतात. पानांच्या खाचाही वेगळ्या. रोपवाटिकेत विचारलं, तर ‘जमिनीचा फरक’ असं उत्तर मिळालं. एकाच ठिबकच्या नळीवरच्या शेजारशेजारच्या वेलींत जमिनीचा एवढा फरक पडत नाही. वायनरी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजून माल घेते. मिसळलेल्या ओळीचा तोटा शेतकऱ्याच्याच पदरात पडतो.

आणि जुन्या वेलींचं काय? भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी या जाती एके काळी महाराष्ट्रात होत्या. थॉमसन आली, सोनाका आली, निर्यात वाढली आणि या वेली निघत गेल्या. एखाद्या विहिरीकाठी, वाड्याच्या मांडवावर त्यातली एखादी अजून उभी असेल, तर ती तोडण्याआधी ओळखली गेली पाहिजे. त्यांची वाइन चांगली होईलच असं मी म्हणत नाही. पण वेलच राहिली नाही तर ते करून बघायची सोयही उरणार नाही.

रोपवाटिकांच्या मातृवेलींची डीएनए तपासणी सक्तीची करावी आणि प्रत्येक बिलासोबत तिचा दाखला द्यावा, ही माझी शासनाकडे मागणी आहे. जातींची पारख करणारी माणसं आपल्याकडे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहेत. बागायतदारांना माझी विनंती एवढीच: ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा आला की ओळीओळीने फिरा, वेगळ्या दिसणाऱ्या वेलीला फीत बांधा आणि तिची पानं जाणकाराला दाखवल्याशिवाय ती उपटू नका.