‘मला पॉलिटिक्समध्ये इंटरेस्ट नाही!’

कॉलेजच्या कॅन्टीनमधलं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. चौघं बसलेत. एक जण मोबाइलवर कुठल्याशा नेत्याचं भाषण लावून तावातावानं बोलतोय. दुसरा त्याच्याशी भांडायला टपलेलाच. तिसरी वैतागून म्हणते, ‘ए, बंद करा ना यार, किती पकवता!’ आणि चौथा काहीच बोलत नाही. तो सारखा घड्याळ बघतोय. पावणेपाचची एसटी चुकली तर गावाकडे जाणारी पुढची गाडी थेट साडेसातला.

आता सांगा, या चौघांत राजकारणाशी सगळ्यात जास्त संबंध कुणाचा? आपण पटकन पहिल्या दोघांकडे बोट दाखवतो. पण मला विचाराल तर त्या चौथ्याचा. पावणेपाचनंतर थेट साडेसातलाच गाडी का, महामंडळाकडे गाड्या किती, त्यांचा तोटा कुणी भरायचा, पासाची सवलत कुणाला द्यायची, हे सगळं राजकारणच ठरवतं. फक्त तो त्याला ‘राजकारण’ म्हणत नाही. त्याच्या लेखी तो रोजचा ताप आहे.

2021ची दिवाळी आठवते? कोरोनानंतर कॉलेजं नुकतीच उघडली होती आणि एसटीचा संप सुरू झाला. राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, ही कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी. संप लांबत लांबत एप्रिल 2022पर्यंत गेला. ज्यांच्याकडे स्वतःची बाइक होती, त्यांच्यासाठी ती टीव्हीवरची एक बातमी होती. ज्यांचं शिक्षणच पासावर चाललं होतं, त्यांचं आख्खं सेमिस्टर डळमळलं. बातमी एकच, पण एकाने ती स्क्रोल करून सोडून दिली आणि दुसऱ्याची झोप उडाली. दुसरा काही पहिल्यापेक्षा जास्त जागरूक नव्हता. त्याला झळ बसली होती, एवढंच.

म्हणजे ज्याला झळ बसते तो राजकारणाचा विचार करतो, असं सोपं उत्तर देऊन मोकळं व्हायचं का? तर नाही. कारण आपला चौथा दोस्त रोज झळ सोसतो, तरी गप्पच असतो.

इथे दुसरी गोष्ट येते. आपण बोललो तर काहीतरी हलतं, हा अनुभव. मार्च 2021 मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली. पुण्यात पोरं-पोरी रस्त्यावर बसली. ही कुणी दिवसरात्र पॉलिटिक्स करणारी मंडळी नव्हती. अभ्यासिकेत डोकं खाली घालून बसणारी, मेसच्या डब्याचा हिशेब ठेवणारी मुलं होती ती. 14 तारखेची परीक्षा मग 21 मार्चला झाली. त्या रात्री रस्त्यावर बसलेल्यांना राज्यघटनेची कलमं आधीपासून पाठ होती. पण त्या कलमांचा आपल्याशी काय संबंध, हे त्यांना रस्त्यावर बसल्यावर जास्त कळलं असणार.

म्हणून मला वाटतं, आपण क्रम उलटा लावतो. आधी इंटरेस्ट येईल, मग आपण काहीतरी करू, असं आपण धरून चालतो. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत आधी काहीतरी करून बघितलं जातं आणि इंटरेस्ट त्याच्या मागून येतो. पोहण्याची आवड काठावर बसून लागत नाही, तसंच हे.

आणि ‘करून बघण्याची’ जागाच आपल्याला फारशी मिळालेली नाही, हेही मान्य करा. महाराष्ट्रात एकेकाळी कॉलेजात थेट निवडणुका व्हायच्या. त्यांत हाणामाऱ्या वाढल्या, जीवही गेले आणि त्या बंद झाल्या. 1994च्या विद्यापीठ कायद्यानुसार मार्कांवर विद्यार्थी प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. वर्गात पहिला आला तो प्रतिनिधी! 2016च्या कायद्याने निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं, 2019 मध्ये त्या घ्यायचंही ठरलं आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. हाणामारी थांबली हे चांगलंच झालं. पण प्रचार करणं, हरणं, हरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच बेंचवर बसणं, याचीही सवय त्यासोबत गेली. मग वयाच्या अठराव्या वर्षी थेट आमदार-खासदार निवडायचे. नेट प्रॅक्टिस नाहीच, एकदम मॅच!

त्यात घरचं वातावरण. काहींच्या घरी जेवताना पेपरातल्या बातमीवर वाद होतात. काहींच्या घरी ‘आपल्याला काय करायचंय त्यात पडून’ हे लहानपणापासून ऐकवलेलं असतं. मुलींना तर जरा जास्तच. ‘पोस्ट टाकू नकोस, उद्या नोकरीला नडेल’ हेही असतंच. ही भीती अगदीच खोटी नाही. आणि काही जण भीतीने नाही, कंटाळ्याने बाजूला झालेत. 2019 ते 2024 या एकाच विधानसभेच्या काळात आपण तीन मुख्यमंत्र्यांचे शपथविधी पाहिले, दोन मोठे पक्ष फुटताना पाहिले. आपण मत नेमकं कुणाला दिलं होतं, हेच ज्याला कळेनासं झालं, त्याने ‘मला इंटरेस्ट नाही’ म्हटलं तर त्याला लगेच बेजबाबदार म्हणू नका.

आणि जे अखंड राजकारणावर बोलतात, ते सगळे जागरूक असतात असंही नाही. आपला नेता, आपली टीम, समोरच्याला ट्रोल करायचं, मीम फॉरवर्ड करायचे. आयपीएल संपली की ही मॅच सुरू. यात जोश भरपूर असतो. पण त्याच पोराला विचारा, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, किंवा कॉलेजची शिष्यवृत्ती कुठे अडकली. तो गडबडतो. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी तिथे प्रशासकच कारभार बघत होते. आपल्या गल्लीत आपला माणूसच नाही, यावर कॅन्टीनमध्ये किती वेळा भांडण झालं?

तेव्हा दोस्तहो, इंटरेस्ट आहे की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी स्वतःला विचारा, मला रोज कुठे अडतं? फी, हॉस्टेल, लायब्ररीची वेळ, बसस्टॉपवर संध्याकाळी नसलेला दिवा. त्यातलं एकच निवडा. ते कुणाच्या सहीने सुटतं, हे शोधा. गावात राहत असाल आणि मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहातच, एकदा जाऊन बसा. यादीत नाव नसेल तर सहा नंबरचा फॉर्म भरा. सतरा पूर्ण झाली असतील तरी आगाऊ अर्ज करता येतो.

कदाचित काहीच होणार नाही. पहिला अर्ज टेबलाखाली जाईल, दुसऱ्याला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकावं लागेल. पण नेमकं कुठे अडलं, हे आता तुम्हाला माहीत असेल. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला काय विचारायचं तेही माहीत असेल.

आणि तो चौथा? त्याने पावणेपाच आणि साडेसातच्या मध्ये एक गाडी हवी म्हणून आगारप्रमुखांना अर्ज लिहायचं ठरवलं, तर त्याला त्याच गाडीने जाणाऱ्या तीस-चाळीस पासधारकांच्या सह्या लागतील. पहिल्या दोघांचा आवाज मोठा आहे, तिसरीचं अक्षर चांगलं आहे. टेबल तर एकच आहे. त्याला फक्त एवढंच विचारा, ‘काय रे, गाडीचं काय झालं?’